धुतलेली पानं

दचकू नका, मॅडमच्या गळ्यातून मीच बोलतोय. दोरीला लटकलेलं भिंग. मुंगीच्या मिशा मोजणारा आणि काटेवाडीत बसून तिकडे लांब पळसदेवच्या पाण्यातला मासा जांभई देताना पाहणारा! हे खोटं आहे म्हणता? असेल. दमलं की थोडं खोटं बोलल्यानं बरं वाटतं.

स्वरदा मॅडमनी मला कृषी महाविद्यालयात असताना घेतलं. मैत्रिणी बँकेच्या परीक्षा देत होत्या, ह्या मात्र बुरशीच्या मागे. पुढे पिकांच्या रोगांवर पीएचडी केली, बारामतीत शेतकऱ्यांना सल्ला द्यायची नोकरी लागली. नातेवाईक अजून म्हणतात, "डॉक्टर ना गं तू? मग माझा गुडघा बघ की!"

आता माझ्या काचेवर ओरखडा आहे, त्यांच्या डोळ्यांखाली काळं. कुणी मोबाईलवर पानाचा हललेला फोटो दाखवतं, कुणी दुकानदारानं दिलेलं औषध आधीच मारून येतं.

परवा सणसरचे दत्तोबा आले. त्यांच्या बागेत डाळिंबं लिंबाएवढी झालेली. शेजारची बाग तेल्या रोगानं उपटावी लागलेली, म्हणून जीव टांगणीला. ओल्या टॉवेलातून त्यांनी पानं काढली. हिरवीगार, चकचकीत. मी निरखून पाहिलं. डाग नावाला नाही.

"आबा, पानं तर छान आहेत," मॅडम म्हणाल्या.

"असणारच! निवडून, धुऊन-पुसून आणल्यात. तुमच्यापुढं डागाळलेलं पान कसं ठिवायचं?"

मॅडमनी कपाळावर हात मारला. जेवणाचा डबा तसाच सोडून गाडी काढली.

बागेत दत्तोबांची बायको, कौसल्याकाकू वाटच पाहत होत्या. "पोरगी दाखवायला न्यावी तशी नटवून नेली व्हय पानं?"

बांधाकडच्या ओळीत मला तेलकट, काळपट डाग दिसले. एरवी मी थापाड्या; त्या क्षणी खोटं बोलावंसं फार वाटलं आणि नेमकं तेव्हाच जमलं नाही.

मॅडम म्हणाल्या, "तेल्याच आहे, आबा. पण अजून ह्या ओळीपुरताच. डाग पडलेल्या फांद्या, फळं आजच तोडून जाळा. बाकीची बाग वाचेल."

 दत्तोबा कात्री घेऊन आले. पहिली फांदी तोडताना त्यांनी तोंड फिरवलं.

निघताना काकूंनी पिशवी दिली. मला वाटलं, डाळिंबं असतील.

"जावंच्या बागंतली पानं हायती. धुतली न्हाईत, मॅडम."

मॅडम दमलेलंच हसू हसल्या. ओढणीनं मला पुसलं, पुन्हा डोळ्याला लावलं.

माझं एवढंच मागणं आहे बाबांनो: डाग असेल तर डागासकट या. देखणी पानं बघून बघून थकलोय मी.