कॅमेरा चालूच ठेवा

नेटवर्कवाल्याचं डोकं सकाळपासूनच तापलं होतं. ऑफिसचं नेट रांगत होतं, आणि ते का रांगतंय याचा जाब विचारायला साहेबांनी व्हिडिओ मीटिंग बोलावली होती. सगळे एकाच हॉलमध्ये बसलेले, पण नियम म्हणजे नियम: प्रत्येकाने आपापल्या टेबलावरून, कॅमेरा चालू ठेवून हजर राहायचं.

"आज नेट सुधारलं नाही, तर उद्यापासून येऊ नका," पडद्यावरचे साहेब म्हणाले आणि उघड्या तोंडानेच गोठले.

"साहेब, या कॅमेऱ्यांनीच सगळं नेट खाल्लंय!"

"तुमचा आवाज तुटतोय हो."

तो तरातरा उठून साहेबांच्या केबिनमध्ये शिरला आणि तेच वाक्य त्याने समोरासमोर ऐकवलं.

"इथे नाही, मीटिंगमध्ये बोला," साहेब म्हणाले. "काही शिस्त आहे की नाही?"

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जागेवर येऊन त्याने अख्ख्या ऑफिसचा व्हिडिओ बंद केला, फक्त आवाज चालू ठेवला. पडदे काळे झाले आणि नेट धावायला लागलं.

"वा! आता कसं स्वच्छ ऐकू येतंय!" साहेब खूश झाले. "काय बिघडलं होतं हो?"

"तुमचं तोंड दिसत होतं, साहेब," तो म्हणाला, आणि यातलं अक्षरन् अक्षर सगळ्या हॉलला नीट ऐकू गेलं.