दुप्पट रॅम

उत्कर्षा जवळ आली की तिचे वरिष्ठ शैलेशसर स्क्रीनवरचं काहीतरी पटकन बंद करायचे. पहिल्यांदा तिला तो भास वाटला. मग ती मुद्दाम आवाज न करता जाऊ लागली, आणि तेव्हाही त्यांचा हात तसाच झटकन हलला.

उरवड्याच्या त्या छोट्या कंपनीत पत्रा दाबणाऱ्या प्रेसचे कंट्रोलर बनत. प्रेसखाली हात गेला की यंत्र जागच्या जागी थांबवायचं, हे त्यांचं काम. आतल्या चिपचा प्रोग्रॅम उत्कर्षा लिहायची. ती मूळची परभणीची, जांबे गावात भाड्याच्या खोलीत राहणारी, नोकरीत नवीन. प्रोग्रॅम आधी एम्युलेटरवर, म्हणजे लॅपटॉपमध्येच चिपची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालवायचा असे. त्या नकली चिपला मेमरी किती, तिच्या कुठल्या झोनमध्ये लिहायचं, कुठल्या झोनमधून फक्त वाचायचं, हे सर स्वतः ठरवत. "त्या फाइलला हात लावू नकोस," त्यांनी बजावलं होतं.

एम्युलेटरवर प्रोग्रॅम कधीच अडखळला नाही. खाली चाचणीच्या प्रेसवर मात्र कंट्रोलर मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होई.

"म्याडम, ह्यो डबा मधीच झोपतुया," प्रेस चालवणाऱ्या कल्पनाताई म्हणाल्या. "तेवढ्यात माजा हात आत आसला तर?"

उत्कर्षाने सरांना सांगितलं. "तुझ्याच कोडमध्ये काहीतरी असेल," ते मान वर न करता म्हणाले. उत्तर जरा लवकरच आलं, असं तिला वाटलं.

सर जेवायला गेले तशी तिने ती फाइल उघडली. नव्या खोक्यातला कंट्रोलरचा एक बोर्ड भिंगाखाली धरून चिपचा नंबर वाचला आणि त्या चिपची माहिती काढली. एम्युलेटरमधला रॅमचा, म्हणजे लिहायच्या मेमरीचा, झोन खऱ्या चिपच्या दुप्पट होता. प्रोग्रॅम हद्दीबाहेर लिहीत होता आणि एम्युलेटर ते मुकाट खपवून घेत होता. गिऱ्हाइकापुढचं प्रात्यक्षिक जवळ आलेलं. चाचण्या पास दिसाव्यात म्हणून सरांनीच हे केलं असणार, आणि उद्या कुणाचा हात गेला तर खापर तिच्या कोडवर. तिने झोन निम्मा केला. प्रोग्रॅम सुरू होऊन थोड्याच वेळात कोसळला.

तिने धावत खाली जाऊन प्रेस बंद करायला लावला.

"कोणी थांबवलं?" मागून सरांचा आवाज आला.

"मी. रॅमचा झोन दुप्पट का ठेवलात, सर?"

"दुप्पट कुठे? आपल्या चिपला तेवढीच रॅम आहे."

तिने बोर्ड पुढे केला. सरांनी चष्मा कपाळावर सरकवून नंबर वाचला, पुन्हा वाचला. मग फळीवरचा जुना बोर्ड काढून शेजारी धरला. दोन्ही नंबर सारखेच होते, फक्त शेवटचं अक्षर वेगळं; नव्या चिपला रॅम निम्मीच होती. स्टोअर सांभाळणाऱ्या एकनाथला विचारलं तर तो म्हणाला, "पयली चिप मिळंना. दुकानदार म्हनला, हीच हाय, धाकटी. बसली बी बरोबर." वर कळवायचं त्याला सुचलंच नव्हतं.

सर स्टुलावर बसले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"मग मी आले की स्क्रीनवर काय झाकायचात?" उत्कर्षाने विचारलंच.

सरांनी चष्मा खाली घेतला. "तुझा कोड तपासत होतो. चाचण्या न करताच तू पास लिहितेस, असा मला संशय होता."

"आणि मला वाटलं, चाचण्या पास दिसाव्यात म्हणून तुम्हीच रॅम वाढवलीत," ती म्हणाली.

"तुमचं काय ते मिटवा," कल्पनाताई म्हणाल्या, "पर ह्यो डबा आदी काडा हितनं."

प्रात्यक्षिक पुढे ढकललं. संध्याकाळपर्यंत दोघं खोकी उघडून धाकट्या चिपचे बोर्ड वेगळे काढत बसले. सर नंबर मोठ्याने वाचत, आणि उत्कर्षा तोच बोर्ड हातात घेऊन पुन्हा वाचून पाहत होती. सरांना त्याचा राग आला नाही. पुढचा बोर्ड तिने वाचला, तेव्हा त्यांनीही तो तिच्या हातातून घेऊन नंबर पुन्हा वाचला.