हवेत उडवलेलं सॉल्व्हंट

कारखान्यात त्याला सगळे पाठीमागे ‘चोख’ म्हणत. जेवढा माल विभागात येतो तेवढा कुठून ना कुठून बाहेर पडलाच पाहिजे, हा हिशोब रोज मांडायचं काम या इंजिनिअरचं, आणि त्याचा ताळा कधी चुकला नव्हता. आता विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होणार होती आणि चोखचा सगळा जीव तिच्यात अडकला होता.

नेमकं तेव्हाच सॉल्व्हंट, म्हणजे माल विरघळवायचा चटकन पेटणारा द्रव, कमी भरू लागलं. आत जायचं, बाहेर मात्र पुरतं यायचं नाही. एक तर त्याची वाफ धुराड्यातून उडत होती, नाहीतर वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरची नळी फुटून ते कूलिंग टॉवरच्या पाण्यात मिसळत होतं. नळी तपासायची तर अख्खा विभाग बंद करावा लागणार, आणि बंद विभाग घेऊन खुर्ची कुठल्या तोंडाने मागायची? धुराड्याला मीटर नव्हता, तिथला आकडा नेहमीच वजाबाकीने काढत. चोखने हरवलेलं सगळं सॉल्व्हंट कागदावर हवेत उडवलं. ताळा जमला. स्वारी खूश झाली.

दुसऱ्या दिवशी सुरक्षा अधिकाऱ्याचा फोन आला. कूलिंग टॉवरच्या टाकीवर वेल्डिंग होतं आणि गॅस तपासायचं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं. पाण्यात काही मिसळलेलं नाही ना, एवढंच त्याला विचारायचं होतं. चोखने बेधडक सांगून टाकलं की ताळा जमलाय, पाणी स्वच्छ आहे.

फोन ठेवून त्याने खिडकीतून पाहिलं. टाकीवर चढणारा फिटर म्हणजे त्याचे भावोजी, थोरल्या बहिणीचे यजमान. त्याने फोन उचलला. पण काम थांबवायचं तर आकडा बनवलाय हे कबूल करावं लागणार होतं. नळी फुटलीच असेल असं कुठे आहे, असं मनाला बजावून त्याने फोन खाली ठेवला आणि खिडकीकडे पाठ केली.

वेल्डिंगची ठिणगी पडताच टाकीत भडका उडाला आणि भावोजी जागीच गेले.

चौकशीत मोठ्या साहेबांनी चोखचाच ताळा पुढे ठेवला. विभागात कमी भरलेलं सॉल्व्हंट सगळं धुराड्यातून गेलं, मग पाण्यावर पेटलं ते आलं कुठून? फिटरनेच हाताचं ग्रीस धुवायला गोदामातून चोरून नेलं असणार. असा निकाल लागला आणि ठपका मेलेल्या माणसावर बसला. चोखला खरं ठाऊक होतं. त्याला स्वतःची किळस आली, तरी त्याने त्या अहवालावर सही केली.

बहिणीच्या घरी गेला तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. मुलगी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती.

“तू शिकलेला आहेस,” ती म्हणाली. “लोक काहीबाही बोलतात. तुझ्यावर माझा विश्वास आहे. खरं सांग, त्यांनी नेलं होतं का रे ते?”

“हो, ताई.”

मग तिने मुलीला उठवून बसवलं.

“बाबांसाठी आता रडायचं नाही,” ती म्हणाली. “मामा कधी खोटं बोलत नाही.”

मुलीने मामाकडे पाहिलं. त्याने होकारार्थी मान हलवली, आणि तिने डोळे पुसले.