लवकर वाळणारं काहीतरी

धक्क्यावरच्या त्या दुकानात बोटींना लागणारं सगळं मिळायचं. दोर, रंग, इंजिनाचं तेल, नट-बोल्ट, आणि फायबरच्या बोटींच्या भेगा बुजवायला लांबीचे डबे. दुकान सांभाळायच्या मालकांच्या घरातल्या थोरल्या सूनबाई. धक्क्यावरच्या प्रत्येक बोटीचं दुखणं बारा वर्षांत त्यांना तोंडपाठ झालं होतं, पण स्वतः मात्र कधी बोटीत पाय ठेवायच्या नाहीत. हलतं पाणी बघितलं की पोटात कालवतं, म्हणायच्या. सगळा धक्का त्यांना वहिनी म्हणायचा, आणि यावरून त्यांची भरपूर थट्टाही करायचा.

त्या दिवशी सकाळी त्यांचा धाकटा दीर घाईघाईने दुकानात शिरला.

"वहिनी, बोट धक्क्याच्या बोल्टवर घासली. लवकर वाळणारं काहीतरी द्या. दुपारी आईला घेऊन यायचंय."

सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन तळ्यापलीकडच्या दवाखान्यात झालं होतं. नुसतं म्हणायला तळं, मधोमध गेलं की दोन्ही काठ सारखेच लांब दिसायचे. रस्त्याने यायचं तर साडेतीन तास खड्डे, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की हादरे बसता कामा नयेत, वाकायचं नाही, डोळ्याला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही.

वहिनींसमोर दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती. मागे वळून त्यांनी फळीवरचा नवा डबा काढला. वीस मिनिटांत कडक होतो, असं त्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं.

"चालेल ना हा?"

"चालेल की. दगडासारखा होतो."

बोटीचा कुठला भाग घासला ते दीर बोलला नाही आणि वहिनींनीही विचारलं नाही. थोड्या वेळाने खिडकीतून त्यांना तो दिसला. बोट उतारावर ओढून घेतली होती आणि तो तिच्याखाली उताणा पडून काहीतरी लावत होता. बघितलं आणि त्या पुन्हा रंगाच्या बिलाकडे वळल्या. अकराच्या सुमारास उरलेला डबा काउंटरवर ठेवून तो निघूनही गेला.

तीनला मिस्त्री आले. तिथल्या निम्म्या बोटी त्यांच्या हातच्या. पॉलिश पेपर मागता मागता त्यांची नजर डब्यावर गेली. त्यांनी तो उचलला, चष्मा वर केला आणि बारीक अक्षरं वाचली.

"वहिनी, हा कुणी उघडला?"

"भाऊजींनी. बोटीला लावलाय."

"ही गाडीच्या पत्र्याची लांबी आहे. पोचा आला की भरतात ती. यात नुसती भुकटी असते, काचेचे तंतू नसतात. कडक होते खरी, पण पाणी पिते, फुगते आणि सुटते. पाण्याच्या वर लावलीय ना?"

वहिनींच्या डोळ्यांसमोर बोटीखाली उताणा पडलेला दीर उभा राहिला.

"तळाला," त्या म्हणाल्या.

त्यांनी दिराला फोन लावला. घंटी दुकानातच वाजली. चार्जिंगला लावलेला फोन तो विसरून गेला होता. मग दवाखान्यात लावला. पेशंटला घेऊन मुलगा दोनलाच निघाला, असं उत्तर आलं. दोनला निघालेली बोट एव्हाना धक्क्याला लागायला हवी होती.

वहिनी दारात आल्या. वारा सुटला होता. लांबवर पाहिलं तर पाण्यावर एकही ठिपका नव्हता.

"माझी छोटी बोट आहे," मिस्त्री म्हणाले, "पण एकट्याचं काम नाही. एकाने बोट धरायला हवी, एकाने हात चालवायला. बाकी सगळे पलीकडे गेलेत. दादा कुठेत?"

"हे माल आणायला गेलेत." वहिनींनी चप्पल काढली. "मी येते."

मिस्त्रींनी खालच्या फळीवरच्या, भोकं बुजवायच्या इपॉक्सीच्या कांड्या घ्यायला सांगितलं. बाहेरून एक रंग, आत दुसरा, दोन्ही मळून एकजीव केले की ओल्या जागेवरही धरतात त्या. वहिनींनी हाताला लागल्या तेवढ्या पदरात घेतल्या, वर दोन बादल्या आणि फडकी.

बोटीत बसताच त्यांची पाचावर धारण बसली. दोन्ही हातांनी फळी गच्च धरून त्या मिस्त्रींच्या पाठीकडे बघत राहिल्या. प्रत्येक लाटेला बोट खाली जायची आणि त्यांचा जीव वरच राहायचा. पण त्याहून वाईट होतं ते डोक्यात चाललेलं. आईंच्या डोळ्यावर पट्टी. भाऊजींना पोहता येतं, आईंना नाही. दगडासारखा होतो, असं आपणच म्हणालो. या तोंडाने म्हणालो.

"ती बघा," मिस्त्री म्हणाले.

बोट दिसली, पण निम्मीच. इंजिन बंद होतं. दीर गुडघाभर पाण्यात उभा राहून तेलाच्या कापलेल्या डब्याने पाणी उपसत होता. मधल्या फळीवर सासूबाई ताठ बसल्या होत्या, एका डोळ्यावर पट्टी, मांडीवर औषधांची पिशवी.

"वहिनी? तुम्ही?" दीर ओरडला. "पुन्हा कशावर तरी आपटली बहुतेक! इंजिन चालू केलं की पाणी उसळतंय!"

मिस्त्रींनी बोट भिडवली आणि दोन्ही बोटींचे काठ हातांनी आवळून धरले. "आईंना इकडे घेता यायचं नाही, आम्हा दोघांनाच ही जेमतेम पुरते. मी सोडलं तर दोन्ही बोटी फिरतील. वहिनी, तुम्हालाच जावं लागेल."

त्या गेल्या. कशा गेल्या ते त्यांना नंतर कधी आठवलं नाही. आठवलं ते गार पाणी आणि तळाच्या काढलेल्या फळीखाली चाचपडणारी स्वतःची बोटं. लांबीचा लगदा हाताला लागला, भिजलेल्या खडूसारखा. त्याच्या मध्ये अंगठा जाईल एवढं भोक होतं, आणि पाणी तिथून तळहातावर जोराने येत होतं.

"आधी फडकं कोंबा," मिस्त्री सांगत होते. "लगदा खरवडून टाका. आता मळा. रंग एक होईपर्यंत मळा, घाई करू नका."

पहिली कांडी हातातून निसटून पाण्यात गेली. दुसरी त्यांनी छातीशी धरून मळली. पांढऱ्या रेषा जाता जात नव्हत्या. भाऊजी उपसत होते आणि पाणी उतरत नव्हतं.

"झाला एक रंग?"

"झाला."

"दाबा. आता सोडायचं नाही."

पाण्याचा दाब खालून गोळा उचलत होता. वहिनींनी फळीचा तुकडा त्यावर ठेवून दोन्ही हातांनी रेटला, पण लाट आली की फळी सरकायची. तेवढ्यात फळीवर एक टाच आली.

"आई, तुम्ही हलू नका!"

"हलत नाहीये, नुसता पाय ठेवलाय," सासूबाई म्हणाल्या. "वाकायला बंदी आहे. भार द्यायला कुणी नाही म्हटलेलं नाही."

अर्धा तास तसाच गेला. दिराच्या डब्याचा आवाज तेवढा चालू होता. मग दीर म्हणाला, "उतरतंय." वहिनींनी फळीखालून बोट फिरवलं. गोळा घट्ट झाला होता. कडेने झिरपत होतं, पण झिरपतच होतं फक्त.

मिस्त्रींनी दोर बांधून ती बोट हळूहळू ओढत आणली. वाटेत दीर पुन्हा म्हणाला, "कशावर आपटली काय माहीत." मिस्त्रींनी मान पाण्याकडे वळवली. वहिनींना कळलं, हा माणूस आपल्यासाठी गप्प बसलाय, आणि आपण गप्प बसलो तर तो कायमचा गप्प बसेल. त्यांना पुन्हा भीती वाटली, आणि ही भीती पाण्याची नव्हती.

"कशावर आपटली नाही," त्या म्हणाल्या. "डबा चुकीचा होता. गाडीला लावायचा. मी विचारलं नाही आणि वाचलंही नाही."

दिराने उपसणं थांबवलं. त्याचा चेहरा लाल झाला. "आई होती बोटीत, वहिनी."

"हो."

तो पुन्हा उपसू लागला. सासूबाईंनी औषधांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"घरी गेल्यावर काय बोलायचं ते बोला," त्या म्हणाल्या. "आत्ता मला थंडी वाजतेय. सूनबाई, इकडे सरक."

डोळा वाचला. दीर मात्र आठ दिवस दुकानाची पायरी चढला नाही. मिस्त्रींनी बोटीचा तळ घासून, वाळवून, काचेचं कापड घालून नीट भरला. सगळं काम होईपर्यंत वहिनी शेजारी उभ्या राहिल्या.

त्या लांबीचे उरलेले डबे त्यांनी परत पाठवले आणि वहीतून शोधून पाहिलं की आणखी कुणी नेलेत. दोघांची नावं निघाली. एकाने गाडीलाच लावला होता. दुसऱ्याचा फोन लागेना. त्याची बोट तळ्याच्या वरच्या टोकाला असते, असं कुणीतरी सांगितलं. रस्ता तिथवर जात नव्हता.

वहिनींनी दुकानाला कुलूप लावलं आणि मिस्त्रींच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. हातपाय आत्तापासूनच गार पडले होते.

"मिस्त्री," त्या म्हणाल्या, "बोट काढता का?"