विष धरून बसलेला मी

चिखल बोलतोय असं वाटेल, पण बोलतोय मी, चिखलातला एक जिवाणू. डोळ्यांना दिसत नाही, म्हणून जरा कान द्या. 'मी' म्हटलं तरी आम्ही कोट्यवधी आहोत. एकट्याचं काय चालतंय!

डोंगरावरच्या जस्ताच्या खाणीखाली, ओढ्याच्या गाळात माझा जन्म. खाणीतलं कॅडमियम नावाचं विष ओढ्यात उतरे, तिथून भातशेतात, आणि भातातून माणसांच्या मूत्रपिंडात. ओढ्याला अगदी लागून शेत असलेल्या सेंगला मावशीचा नवरा त्यानंच गेला. तेव्हापासून तिचं पीक सरकारी माणसं नेऊन जाळत. ती बाजारचा तांदूळ शिजवी. पोटाचं भागे, मनाचं नाही. सकाळी भिक्खूंच्या पात्रात आपल्या शेतातला भात घालायची इथली रीत. मावशी विकतचा घाली आणि कुणाकडे न बघता घरात जाई.

मग प्रयोगशाळेतली वारुणी आली. तिनं मला गाळातून उचललं, काकवीवर पोसलं आणि बादली भरून मावशीच्या शेतात आणलं.

"दिसत तर काहीच नाही गं," मावशी म्हणाली. "नुसतं पाणी तर नाही ना आणलंस?"

"हे विष चिखलात बांधून ठेवतात, मावशी. पण यांना हवा सोसत नाही. दाणा भरेपर्यंत शेतातलं पाणी बाहेर सोडायचं नाही."

इथं लोंब्या फुटल्या की शेतातलं पाणी काढून टाकतात. जमीन वाळली की कापणी सोपी. सगळ्यांनी बांध फोडले. शेजारचा खामपन म्हणाला, "मावशी, भात कापणार की मासे धरणार?"

"तू ये कालवणाला," मावशी म्हणाली.

माझा मात्र जीव टांगणीला लागला होता. पाणी गेलं की माझी पकड सुटणार आणि विष मुळांना लागणार. पण मावशीनं बांध फोडला नाही. खेकड्यांची भोकं चिखलानं बुजवत राहिली. शेवटी घोट्याइतक्या चिखलात, कंबर धरून एकटीच कापायला लागली. खामपननं थोडा वेळ बघितलं आणि तोही विळा घेऊन उतरला.

तांदूळ तपासून वारुणी परत आली. "मावशी, खाण्याजोगा आहे."

मावशी बांधावरच बसली आणि पोटभर रडली. दुसऱ्या सकाळी भिक्खू शेताजवळून जाताना तिनं नवऱ्याचं नाव घेऊन वाफाळता भात त्यांच्या पात्रात घातला.

मावशी, तुझे उपकार मी विसरणार नाही. जंतू म्हटलं की लोक हात धुतात. तू मला शेतात जागा दिलीस. पण खरं सांगतो, विष मी संपवलेलं नाही, नुसतं धरून बसलोय. उद्या हे शेत दुसऱ्याच्या हाती जाईल. त्याला माझ्याबद्दल आणि पाण्याबद्दल सांगून ठेव, नाहीतर मी धरलेलं सगळं एका हंगामात त्याच्या ताटात येईल.