डोंगरावरची रजई

बायनाबाईंनी पेल्यात उरलेलं पाणी रजईच्या कोपऱ्यावर ओतलं, पेला खाली ठेवला आणि तो कोपरा दोन्ही हातांनी पिळून काढला.

शिवणयंत्रं थांबली. पाण्याचा टँकर पाच दिवसांनी येत असताना प्यायचं पाणी असं ओतणारी बाई कोण, हे पाहायला चौघींनी मान वर केली. रजई अजून आपली झालेली नाही, असं अयोध्या आईला सांगू पाहत होती, पण संस्थेच्या अध्यक्ष केसरबाईंनी तिला हातानंच थांबवलं. बायनाबाईंनी कोपरा झटकला, दोन तळव्यांत धरून ठेवला आणि जरा वेळानं गालाला लावून पाहिला.

"वला हाय," त्या म्हणाल्या, "पर गार न्हाई."

अयोध्याने मोबाइलवर त्यांना पिसांची रजई दाखवली होती. ती वजनाला निम्मी होती. भिजली तर तिचं काय होतं, एवढंच बायनाबाईंनी विचारलं होतं, आणि पिसांचा गोळा होतो, मग ती ऊब देत नाही, असं केसरबाईंनी सांगितलं होतं. इथल्या रजया कृत्रिम धाग्यांच्या भरणाच्या. त्यांचं काय होतं हे बायनाबाईंनी कुणाला न विचारता पाहून घेतलं.

अयोध्या अंबाजोगाईतल्या एका शाळेत भूगोल शिकवायची. डिसेंबरात ती नऊ दिवस हिमालयात चालायला जाणार होती. सामान स्वतःच्या पाठीवर, मुक्काम तंबूत, काही ठिकाणी बर्फावर. आणायच्या वस्तूंच्या यादीत हलकी सिंथेटिक रजई होती. गावातली ही महिला सहकारी संस्था पुण्याच्या एका दुकानाला नेमक्या तशाच रजया शिवून देते, हे तिला शाळेतल्या एका शिक्षिकेकडून कळलं होतं. मागच्या दुष्काळात ऊसतोडीला जाणं सोडलेल्या बायकांनी ही संस्था काढली होती, आणि हा दुष्काळही त्या तिच्यावरच काढत होत्या.

खरी अडचण रजईची नव्हती. नवरा उत्तरेश्वर एसटीत वाहक. त्याच्या मुक्कामाच्या गाड्या चुकायच्या नाहीत. नऊ वर्षांच्या मुलीजवळ राहायला आईच हवी होती. अयोध्याने फोन केला, तेव्हा बायनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि निजायचं कशावर, असं विचारलं. जमिनीवर, बर्फात, तंबूत, असं अयोध्याने सांगितलं.

"आमी उघड्यावर निजलो ते तू निजू नये म्हणून," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला होता.

अयोध्या लहान असताना आईबाप दसरा झाला की तोडीला जात आणि पाडव्याच्या सुमारास परतत. दहावीपर्यंत ती चौसाळ्याजवळच्या गावी आजीपाशी राहिली, म्हणूनच शिकली. तोडीवरची कोपी, उसाच्या वाळल्या पाचटाची झोपडी, तिनं कधी आतून पाहिली नाही. आठवायच्या त्या परत आलेल्या गोधड्या, त्यांच्या टाक्यांत अडकलेल्या पाचटाच्या काड्या, आणि आईच्या भेगाळलेल्या टाचा. थंडी पडली की आजीच्या कुशीतही तिला झोप लागत नसे. चौदा वर्षं ती फळ्यावर नकाशा टांगून हिमालय शिकवत होती आणि तिनं बर्फ पाहिला नव्हता. हे तिनं उत्तरेश्वरला एका वाक्यात सांगितलं, तेव्हा तो "मग जा की" म्हणाला होता. तेच वाक्य आईला सांगायला मात्र तिची जीभ रेटली नाही.

तिनं जाणं रद्द करायचं ठरवलं आणि चौथ्या दिवशी बायनाबाई नातीपाशी राहायला पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या. दोन दिवस त्या घरातलं आवरत राहिल्या. नातीची वेणी घातली, डाळ निवडली, बापाची आठवण म्हणून अयोध्याने जपून ठेवलेला त्याचा रुमाल उन्हात घातला. तिसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर अयोध्या रजई बघायला निघाली, तेव्हा त्यांनी चपला घातल्या.

"मी येते. तुला काय कळतंय थंडीतलं," त्या म्हणाल्या.

आता त्यांच्यापुढं तीन रजया होत्या. अयोध्याला सगळ्यात पातळ हवी होती, कारण ओझं तिलाच वाहायचं होतं. बायनाबाईंनी ती उचलून खिडकीकडं धरली. टाक्यांच्या रेघांतून उजेड आरपार दिसत होता.

"थंडी इथून शिरती," त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं.

केसरबाईंनी ते लगेच मान्य केलं आणि कोपरा भिजलेली मधली रजई पुढं केली. तिच्यात भरणाचे दोन थर होते, आणि एका थराचा टाका दुसऱ्याच्या टाक्यावर येणार नाही असा शिवलेला. पायाकडं ती पिशवीसारखी बंद होती आणि पाठीकडं उघडी. पाठ उघडी कशाला, असं बायनाबाईंनी विचारलं. खाली वेगळी चटई असते, अंगाखाली दबलेलं भरण ऊब देत नाही, मग त्याचं ओझं कशाला वाहायचं, असं केसरबाईंनी सांगितलं. बायनाबाई विचारात पडल्या, मग त्यांची मान हलली. खरी थंडी खालून येते, त्या म्हणाल्या. त्यांचा नवरा कोपीत हातभर पाचट अंथरल्याशिवाय कुणाला निजू देत नसे.

केसरबाईंनी त्यांच्याकडं निरखून पाहिलं.

"कोणत्या भागात जात व्हता तुमी?"

"कृष्णाकाठी. सतरा हंगाम, सतरा पट्टे पडले. तुमी?"

"आमी नगरकडं. नऊ."

त्यानंतर दोघींचं बोलणं अयोध्याकडं वळलंच नाही. मुकादम कसा होता, बैल कोणते होते, कारखान्यावर गाडी खाली करायला किती वेळ लागायचा, असं एकेक निघत गेलं. बायनाबाईंनी ओसरीत चटई अंथरायला लावली. पाय पिशवीत घातले, रजई खांद्यापर्यंत ओढली आणि एका कुशीवर, मग दुसऱ्या कुशीवर वळून पाहिलं. केसरबाई शेजारी मांडी घालून बसल्या. यंत्रं पुन्हा सुरू झाली. अयोध्या आत टेबलापाशी संस्थेचा कागद भरत होती. दार उघडंच होतं.

केसरबाई सांगत होत्या की त्या दिवसांची आठवण आली तरी त्यांची पाठ दुखते.

"दुखायचंच," बायनाबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, आढ्याकडं पाहत त्यांनी पुढं सांगितलं, "पर मी समद्यांच्या आधी उठायचे. तिथं पाटाला पाणी असायचं, वाहतं. आपल्याकडं असं पाणी कुठलं. तोंड धुवायचे आन् गोधडी लपेटून तिथंच बसायचे. धुकं असायचं. सासू न्हाई, नवरा निजलेला, कुणाची हाक न्हाई. अर्धा तास बसायचे. लई बेस वाटायचं."

बायनाबाई केसरबाईंकडं कुशीवर वळल्या.

"घरी कधी सांगितलं न्हाई. लेकरू मागं टाकून गेलेल्या बाईनं असं बोलायचं असतंय का?"

टेबलामागची बाई अयोध्याला पत्ता विचारत होती. तिनं दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा अयोध्याने गल्लीचं नाव सांगितलं आणि पेन हातातच धरून राहिली. बाहेर पाहायचं तिनं टाळलं. आपण पाहिलं तर आई बोलायची थांबेल, असं तिला वाटलं. आजीच्या कुशीत जागून काढलेल्या थंडीच्या किती रात्री तिनं मनातल्या मनात आईला कुडकुडताना पाहिलं होतं. पाटाच्या कडेला बसलेली, बरं वाटत असलेली आई तिच्या मनात एकदाही आली नव्हती.

बायनाबाई उठून आत आल्या. रजईची घडी त्यांनी स्वतः घातली होती.

"हीच घे. पावशेर जड हाय, पर हीच घे."

अयोध्याने वाद घातला नाही. केसरबाईंनी ओला कोपरा वाळेपर्यंत थांबायचा आग्रह केला. चहा आला, तो तिघींनी घेतला. निघताना केसरबाईंनी बायनाबाईंचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले आणि पुन्हा यायला सांगितलं.

रस्त्यावर ऊन कललं होतं. रिक्षा नको, चालू या, असं बायनाबाईच म्हणाल्या. पाण्याच्या टाकीपाशी घागरींची रांग लागली होती. तिच्या कडेकडेनं दोघी चालल्या. रजई अयोध्याच्या काखेत होती. चौक आला.

"आजीजवळ मी बरी होते, माय," अयोध्या म्हणाली. "लई जीव लावायची ती मला."

बायनाबाईंची चाल क्षणभर मंदावली. त्यांनी लेकीकडं पाहिलं नाही. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि रस्ता ओलांडायला गाड्यांचा अंदाज घेत उभ्या राहिल्या.

"तिथं नदी हाय का, तुमच्या तंबूपाशी?" त्यांनी विचारलं.

"आहे. अगदी जवळून वाहते म्हणतात."

मोठा मालट्रक धुरळा उडवत गेला. रस्ता मोकळा झाला, तरी बायनाबाई उभ्याच होत्या.

"मग लवकर उठत जा," त्या म्हणाल्या. "समद्यांच्या आधी."