चाळलेल्या लेंड्या

सरकारला कधी कशाची आठवण होईल याचा नेम नाही. एकोणपन्नास साली त्याला लेंड्यांची आठवण झाली. एक्केचाळीस साली नदीकाठच्या गोठ्यांतलं शेणखत आणि माणदेशी मेंढरांचं खत, दोन्हींतलं नत्र मोजून झालं होतं. आठ वर्षांत कुठलं वाढलं, कुठलं घटलं, त्याचा तक्ता आता वर हवा होता. जिथं घटलं असेल त्या गावाला सल्फेट या विलायती खताची पोती जादा मिळणार होती. तेव्हाचे नमुने शेतकी खात्यातल्या केरबानं घेतले होते, म्हणून आताही पत्र्याचे डबे त्याच्याच गळ्यात पडले.

केरबाची बायको अंजना फाल्गुनात तापानं गेली होती. तेरावं उरकून चौदाव्या दिवशी तो कामावर हजर झाला. लोक म्हणाले, गडी खंबीर आहे. खंबीर कसला! त्याला काही वाटतच नव्हतं. भाकरीत मीठ आहे की नाही हेसुद्धा त्याला कळत नव्हतं.

चैत्रात तो कृष्णाकाठच्या एका गावी गेला. नाथाजीआबांच्या ऊस निघालेल्या रानात आटपाडीकडच्या सिद्धू धनगराची मेंढरं बसली होती. दर साल बसायची. सांजेला जाळीची वाघर लावून मेंढरं आत कोंडायची, लेंड्या नि मूत रानात मुरायचं, आणि त्याबदली आबा सिद्धूला जोंधळे घालायचे. वैशाखात आटपाडीकडं गवताची काडी नसते. आबांचं रान सुटलं तर त्या कळपाला दुसरा आधार नव्हता.

सिद्धूची बायको भामाबाई केरबाची वाटच बघत होती. आठ वर्षांमागं त्यानं वाघरीतली ओली माती लेंड्यांसकट हातानं उकरून डब्यात भरली होती. असली घाण सरकारात जाणार म्हणून बिचारी तेव्हा लाजेनं अर्धी झाली होती. नवी नवरी अंजना त्या वेळी सोबत होती. भामाबाईनं तिला घोंगडं अंथरून बसवलं होतं आणि दूध पाजलं होतं.

या खेपेला भामाबाईनं सगळी तयारी ठेवली होती. लेंड्या वेचून, चाळून, आठ दिवस उन्हात खडखडीत वाळवून तिनं कोऱ्या फडक्यात बांधल्या होत्या.

"घ्या सायब. खडा सापडायचा न्हाई," ती म्हणाली. "आन वैनी बऱ्या हायत न्हवं?"

"बरी हाय," केरबा म्हणाला. खरं सांगायचं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं.

नमुना आपल्या हातानं, मुतासकट ओला घ्यायचा, हे त्याला पाठ होतं. वाळवणात नत्र उडून जातं, हेही ठाऊक होतं. पण त्यासाठी वाकायचं, उकरायचं, तेवढंही त्याला नको वाटलं. त्यानं फडकं सोडलं नि डबा भरला.

महिन्यानं आकडे आले. मेंढरांच्या खतातलं नत्र एक्केचाळीसच्या मानानं निम्म्यावर! साहेब खूश झाले, तक्त्यात काहीतरी फरक दिसला. नमुना चुकला, फेर घ्यावा, एवढी एक ओळ केरबानं लिहायची होती. त्यानं टाक दौतीत बुडवला आणि खाली नुसती सही केली.

सल्फेटच्या मंजुरीचा कागद घेऊन तो गावात गेला तेव्हा आबा ओसरीवर पान जुळवत होते. "बरं झालं गड्या," ते म्हणाले. "लेंड्यांत कस उरला न्हाई म्हनत्यात, चावडीवर कालच कळलं. सांगितलं सिद्धूला, उठीव आजच."

रानात भामाबाई वाघर गुंडाळत होती. सिद्धू मेंढरं घेऊन वाटेला लागला होता.

"सायब, एवढं निवडून दिलं, तरी आमचं खत सरकारात नापास कसं वं झालं?"

अंजना गेल्यापासून केरबाला पहिल्यांदाच काहीतरी वाटलं. ती लाज होती.

"खत चांगलं हाय. म्या नमुना चुकीचा घेतला. वाळलेला घ्यायचा नसतो. ठावं असून घेतला."

"आन आता सांगताय व्हय? मेंढरं उठल्याव?" ती कडाडली. "चारू काय त्यास्नी? धोंडं?"

ती त्याच्याकडं बघत राहिली. मळका सदरा, वाढलेली दाढी, तुटलेली गुंडी. तिचा आवाज उतरला.

"सायब... वैनी कुटं हायत?"

"गेली. फाल्गुनात."

भामाबाईच्या हातातली वाघर सुटली. ती ढेकळांत बसली आणि गळा काढून रडू लागली. "माज्या घोंगड्यावर बसली व्हती वं पोर, माज्या हातचं दूध प्याली व्हती," म्हणत ती ऊर बडवत होती. घरचं माणूस गेल्यासारखी ती रडत होती. अंजनासाठी इतकं कुणी रडलं नव्हतं, केरबासुद्धा नाही.

बांधावरनं सिद्धू हाका मारत होता. मेंढरं पार ओढ्यापलीकडं गेली, तरी भामाबाई उठली नाही.